चौकात फोटो कुणाचा?

खान्देशातली पोरं रोज फोटो काढतात, रोज पोस्टर बनवतात. तरी आपल्या शहराच्या भिंतींवर आपण का नाही?

उद्या सकाळी कॉलेजला जाताना एक करा. कानातले हेडफोन काढा, मोबाइल खिशात टाका आणि मान वर करून चाला. जळगावात असाल तर नवीन बसस्टँडवरून कोर्ट चौक, तिथून टॉवर चौक. धुळ्यात असाल तर संतोषी माता चौक, पाचकंदील, आग्रा रोड. वाटेत जेवढे फ्लेक्स लागतील, तेवढ्यांवरचे चेहरे मोजायचे. बस, एवढंच.

मी करून बघितलंय. दुसऱ्या चौकातच आकडा चुकतो आणि आपण मोजणं सोडून देतो.

आता जरा वेगळं मोजा. या चेहऱ्यांत आपल्या वयाचे किती? उत्तर ऐकून नवल वाटेल, पण भरपूर. वरच्या रांगेत मोठे नेते, मधे ज्यांचा वाढदिवस ते भाऊ, दादा किंवा आप्पा, आणि खाली छोट्या छोट्या गोलांत वीस-बावीस वर्षांची पोरं. कुणी गॉगल लावलेलं, कुणी हात जोडलेलं. वर शब्द लिहिलेला असतो, 'शुभेच्छुक'.

जरा नीट बघितलं तर लक्षात येतं, की साध्या घरातल्या मुलाचा फोटो चौकात लागायचे आपल्याकडे मोजून तीन रस्ते आहेत. पहिला रस्ता म्हणजे कुणाचा तरी कार्यकर्ता व्हायचं आणि खालच्या रांगेत जागा मिळवायची. दुसरा म्हणजे टॉपर व्हायचं. मग क्लासवालेच नीट-जेईईच्या मार्कांसह तुमचा पासपोर्ट फोटो मोठा करून लावतात. तिसरा रस्ता 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा. हायवेवर बाइकवरून गेलेल्या मित्राचा फोटो चौकात लागतो, तेव्हा येणारा-जाणारा दोन क्षण थांबतो. हा फोटो बघून पोटात गोळा येतो, आणि मग वाटतं की तो जिवंत होता तेव्हा त्याचा चेहरा या चौकात कुणालाच नको होता.

मुलींचं तर विचारूच नका. त्यांच्यासाठी पहिला रस्ता जवळपास बंद असतो. राहिले दोन. वर्गात निम्म्या मुली असल्या, तरी चौकात त्या दिसतात एक तर गुणवत्ता यादीत, नाहीतर हार घातलेल्या फोटोत.

हा लेख चौथ्या रस्त्याबद्दल आहे.

पोस्टर बनवतं कोण?

फ्लेक्सला नावं ठेवणं सोपं आहे. 'शहराचं विद्रूपीकरण' हा शब्द आपण शाळेच्या निबंधापासून वापरतोय. पण फ्लेक्स येतो कुठून, ते बघायला कधीतरी रात्री अकरानंतर प्रिंटिंगच्या दुकानात जाऊन बसा. कॉम्प्युटरसमोर बसलेला पोरगा बहुतेक वेळा आपल्याच वयाचा असतो. दिवसा कॉलेज, रात्री कोरलड्रॉ. समोर तीन-चार जण उभे असतात. "भो, सकाळी सहाला लागला पाहिजे, सातला भाऊ येणारेत."

त्या पोराचं काम बघा. व्हॉट्सॲपवर आलेला, चार वेळा फॉरवर्ड होऊन फाटलेला फोटो तो मोठा करतो. लग्नातल्या फोटोतून एकट्याचं डोकं कापून काढतो, मागचा मांडव घालवतो, चेहऱ्यावर उजेड आणतो. मग खरी परीक्षा सुरू होते, ती मांडणीची. कोणत्या नेत्याचा फोटो किती मोठा, कोण कुणाच्या उजव्या हाताला, कुणाचं डोकं कुणापेक्षा एक इंचही वर जाता कामा नये. हे चुकलं तर रात्रीत भांडण. फ्लेक्स म्हणजे त्या त्या आठवड्यातल्या स्थानिक राजकारणाचा नकाशा असतो, आणि तो काढणारा कारागीर विशीतला असतो. शिडी लावून तो टांगणारे हातही त्याच वयाचे. शुभेच्छुकांच्या गोलांतले चेहरेही त्याच वयाचे.

म्हणजे आपल्या शहरांत सार्वजनिक जागेवर जे सगळ्यात जास्त दिसतं, ते चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तरुणांच्या हातचं आहे. फक्त विषय त्यांचा नाही आणि सहीही त्यांची नाही.

आणि त्या खालच्या रांगेतल्या पोरांना हसूही नका. तालुक्याच्या गावातून आलेल्या, घरात कुणी नोकरदार नसलेल्या मुलासाठी तो गोलातला फोटो म्हणजे ओळखपत्र असतं. तहसीलमध्ये दाखल्याला गेला, पोलिस स्टेशनला मित्राला सोडवायला गेला, तर 'अरे, हा तर भाऊंचा माणूस' एवढं कुणी म्हटलं तरी काम हलतं. आपल्याला कुणीतरी ओळखावं, ही त्याची भूक खरी आहे. ती भागवायची दुसरी सोय शहराने ठेवलेली नाही, ही अडचण आहे.

म्हणूनच चौकात काय दिसत नाही, त्याची यादी मोठी आहे. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते दिसत नाही. खोदलेला रस्ता कधी बुजणार, ते दिसत नाही. एसटीच्या पासवर रोज साठ किलोमीटर ये-जा करणाऱ्या मुली, कापूस वेचणाऱ्या बाया, केळीचे घड खांद्यावरून ट्रकमध्ये चढवणारे मजूर, पहाटे मेसच्या पोळ्या लाटणाऱ्या मावशी, यांतलं कुणीच दिसत नाही. गाव त्यांच्यावर चालतं आणि गावाच्या भिंतीवर त्यांचा फोटो नसतो.

अडीच तासांचं पोस्टर

आता म्हणाल, हे सगळं ठीक, पण आपल्याकडे तशी कला आहे कुठे? आहे ना. दरवर्षी 'युवारंग'मध्ये दिसते.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या या युवक महोत्सवात जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं उतरतात. नाच-गाण्याच्या मंडपाला गर्दी असते. ललित कलांच्या खोल्यांमध्ये मात्र शांतता. तिथे चित्र, कोलाज, व्यंगचित्र, रांगोळी, मातीकाम यांच्याबरोबर दोन स्पर्धा असतात, पोस्टर मेकिंग आणि स्पॉट फोटोग्राफी.

विद्यापीठीय महोत्सवांचे यासाठीचे नियम ठरलेले आहेत. पोस्टरचा विषय जागेवर सांगतात आणि वेळ देतात अडीच तास. फोटोग्राफीत मेमरी कार्ड सुरुवातीला परीक्षकांसमोर कोरं करतात. दिलेल्या विषयावर अडीच तासांत पाच फोटो काढायचे. एडिटिंग नाही, दोन फोटो जोडणं नाही, फोटोशॉप नाही. जे डोळ्यांना दिसलं आणि हाताला जमलं, तेवढंच खरं. यापेक्षा चांगलं शिक्षण कोणत्या कोर्समध्ये मिळतं? स्त्रीभ्रूणहत्या, दुष्काळ, मोबाइलचं व्यसन अशा विषयांवर शंभर-दोनशे रुपयांच्या रंगांत पोरं अशी पोस्टर्स करतात, की जाहिरात कंपनीने दखल घ्यावी.

आणि मग? निकाल लागतो, बक्षीस मिळतं, ग्रुप फोटो होतो. पोस्टर गुंडाळून रबर लावलं जातं. फार तर स्टाफरूमच्या कपाटावर जातं. ज्या गावासाठी ते केलं, त्या गावाला ते दिसतच नाही. स्पर्धेतलं पोस्टर परीक्षकासाठी असतं आणि चौकातलं नेत्यासाठी. गावासाठीचं पोस्टर या दोघांच्या मधे कुठेतरी हरवतं.

पूर्वी निदान भित्तिपत्रक होतं. अजूनही बऱ्याच कॉलेजांत मराठी विभागाबाहेर काचेच्या चौकटीत ते लागतं, बहुतेक २७ फेब्रुवारीला. या प्रकाराला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक चालवायचे. छापखाना नाही, पैसे नाहीत, तरी रोजचं दैनिक! हाताने लिहून सगळ्यांना वाचायला ठेवायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर होस्टेलचं रोजचं पोस्टर.

फैजपूर ते हरिपुरा

यापेक्षाही मोठी गोष्ट आपल्या यावल तालुक्यात घडलेली आहे, आणि ती आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात निम्मीच शिकवतात. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला झालं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. एवढं पाठ असतं.

पुस्तकात नसलेला भाग असा. अधिवेशनाच्या मांडणीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. अट ही की शहरातून सामान आणायचं नाही, गावात मिळेल त्यातून उभं करायचं. मग बांबू आणि गवतासारख्या साध्या वस्तूंमधून 'टिळकनगर' उभं राहिलं. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या राजकीय कार्यक्रमाची सजावट कशी असावी, याचा धडा आपल्या खान्देशच्या मातीत गिरवला गेला.

पुढचं अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला भरलं, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. हरिपुरा तापीच्या काठावर आहे. आपल्याकडून वाहत जाणारीच तापी. नंदलाल बोस पुन्हा आले, आणि या वेळी त्यांनी पोस्टर्स केली. त्यांनी स्वतः केलेली आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यावरून केलेल्या प्रती मिळून साधारण चारशे! हातकागदावर, मातीच्या रंगांत. ती प्रदर्शनाच्या दालनात ठेवली नाहीत. प्रवेशद्वारांवर, मंडपांवर, लोक ये-जा करतील तिथे लावली.

आणि त्या पोस्टर्समध्ये काय होतं? नेते नव्हते. घोषणा नव्हत्या. ढोल वाजवणारा, कपडे शिवणारा शिंपी, धान्य कांडणाऱ्या बाया, बैलाला आवरणारा शेतकरी, बाळाला घेतलेली आई. जे लोक बैलगाड्या जोडून अधिवेशनाला आले होते, त्यांनी मंडपात शिरताना मान वर केली तेव्हा त्यांना स्वतःचेच चेहरे दिसले असतील.

आज ही पोस्टर्स दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. २०१९ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेतल्या भारताच्या दालनातही त्यातली काही मांडली होती. पण मला त्यांची खरी ताकद वाटते ती जागेची. काँग्रेसचा अध्यक्ष ज्या दारातून आत जातो, त्या दारावर शिंप्याचं चित्र. एक अक्षरही न लिहिता केलेलं हे भाषण होतं. आपल्या आजच्या चौकांची या दाराशी तुलना करून बघा.

फोटो बाहेर काढायचा

फोटोच्या बाबतीतही खान्देश काही मागास नाही. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. घरातल्या टेबलावर छोट्या वस्तूंचे देखावे उभे करून त्यांनी काढलेले फोटो जगभर नावाजले गेले. ते स्वतः मात्र आयुष्याची कित्येक दशकं जवळपास घराबाहेर पडलेच नाहीत. १९८९ मध्ये ते गेले, घर आज संग्रहालय म्हणून जपलंय. अजून गेला नसाल तर एक रविवार काढा. पण मूस यांचा रस्ता एकांताचा होता. आपण बोलतोय ते उलट्या दिशेच्या प्रवासाबद्दल, घरातून चौकात जाण्याबद्दल.

तसं करणारे लोक आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांमध्ये काम करणाऱ्या ग्रामीण बायांचे फोटो काढले आणि त्यांचं प्रदर्शन केलं. विषय असा, की बायांचं काम सगळीकडे दिसतं, पण काम करणारी बाई दिसत नाही. हे प्रदर्शन आर्ट गॅलरीच्या वाटेला न जाता बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, कारखान्यांच्या दारात आणि शेतमजुरांच्या सभांमध्ये लावलं गेलं. देशात सात लाखांहून जास्त लोकांनी ते बघितलं. फोटोतल्या बाया ज्या एसटीने फिरतात, त्याच स्टँडवर त्यांचे फोटो!

दुसरं उदाहरण मुंबईचं. जेआर नावाचा फ्रेंच कलाकार आहे. साध्या माणसांचे मोठे ब्लॅक अँड व्हाइट चेहरे कागदावर छापायचे आणि खळीने भिंतीवर चिकटवायचे, हे त्याचं काम. २०११ मध्ये त्याने 'इनसाइड आउट' नावाचा उपक्रम सुरू केला. यात तुम्ही तुमच्या वस्तीतल्या लोकांचे फोटो काढायचे आणि तिथल्याच भिंतीवर लावायचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर कला महोत्सव झाला, तेव्हा याच पद्धतीने कोळी बांधवांचे आणि डॉकवर काम करणाऱ्यांचे चेहरे तिथल्या भिंतींवर लागले. १८७५ साली बांधलेला हा डॉक. मुंबईतले कितीतरी लोक त्या चेहऱ्यांच्या निमित्ताने पहिल्यांदा तिथे गेले. मासे रोज खाणाऱ्यांनी मासे सोलणाऱ्या मावशीचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला.

कुणी म्हणेल, इन्स्टा आहे की, भिंत कशाला? फरक साधा आहे. इन्स्टावर तुमचा फोटो त्यालाच दिसतो, ज्याला तसे फोटो आधीपासून आवडतात. भिंतीवरचा फोटो भाजीवाल्या मावशीला दिसतो, रिक्षावाल्या काकांना दिसतो, तुमच्याशी अजिबात न पटणाऱ्या माणसालाही दिसतो. आणि ज्याचा फोटो आहे, त्याच्याकडे स्मार्टफोन नसला तरी त्यालाही दिसतो.

कायदा काय म्हणतो?

इथे जरा थांबा. आज रात्री खळीची बादली घेऊन निघू नका.

'महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध' करणारा कायदा १९९५ चा आहे. लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागेवर महापालिका किंवा नगरपालिकेच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. महापालिका अधिनियमाची कलमं २४४ आणि २४५ आकाशचिन्हं आणि जाहिरातफलक यांच्या परवानगीबद्दल आहेत. सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिला. बेकायदा फलक काढा, तक्रारीसाठी टोल फ्री नंबर ठेवा, जबाबदार अधिकारी नेमा, असं सगळ्या पालिकांना सांगितलं. पुढे १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. त्यामुळे 'एक फलकच तर आहे' हे वाक्य आता कुणी बोलू नये. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे, हीसुद्धा माहिती असू द्या.

म्हणजे कायदा कागदावर सगळ्यांना सारखा आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्हाला-मला माहीत आहे. ज्याच्या मागे माणसं आहेत, त्याच्या फ्लेक्सला हात लावायला कर्मचारी दहा वेळा विचार करतो. गॅदरिंगचा किंवा रक्तदान शिबिराचा कागद लावणारी पोरं मात्र लगेच सापडतात. राग येतो. पण 'ते लावतात, मग आम्हीपण लावू' हे उत्तर होऊ शकत नाही. तसं केलं तर आपण त्यांच्याच गर्दीत आणखी एक फलक वाढवतो, आणि भिंत जोर असलेल्याचीच राहते.

परवानगी घेऊन केलं तर? तिथेही एक अडचण आहे, आणि मला ती जास्त अवघड वाटते. परवानगीच्या भिंती आपल्याकडे कमी नाहीत. जिल्हा परिषद शाळांच्या 'बोलक्या भिंती' आहेत. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की उड्डाणपुलाखाली रंगकाम निघतं, एनएसएसच्या पोरांना रविवारी ब्रश मिळतो. चांगलंच आहे, भिंत स्वच्छ होते, हात बसतो. पण 'झाडे लावा', 'कचरा टाकू नका' यापलीकडे जायचं म्हटलं, की वरून फोन येतो. भिंत मिळते, विषय मिळत नाही. कचऱ्यावर चित्र काढता येतं. घंटागाडी का आली नाही, यावर काढता येत नाही.

या कात्रीतून सुटायचं कसं? मला वाटतं, उत्तर हरिपुऱ्याच्या दारावर आहे. नंदलाल बोसांनी घोषणा लिहिली नाही, कुणावर टीका केली नाही. त्यांनी फक्त माणूस बदलला. जिथे मोठ्यांचा चेहरा असायचा, तिथे कामाच्या माणसाचा चेहरा लावला. 'आमच्या शहरातली कामाची माणसं' या विषयाच्या अर्जाला नाही म्हणायला कोणत्या अधिकाऱ्याकडे कारण आहे? आणि नाही म्हटलंच, तर का म्हटलं हे त्याला लेखी सांगावं लागेल. ती बातमी होईल.

पहाटे गटार काढणाऱ्या माणसाचा सहा फुटी चेहरा, खाली नाव, 'पांझराकाठ, धुळे' एवढंच लिहिलेलं. त्यावर कुठलीही मागणी नाही. पण ज्याने तो बघितला, तो दुसऱ्या दिवशी त्या माणसाला 'ए' म्हणून हाक मारताना अडखळेल. सार्वजनिक कलेकडून मी एवढी तरी अपेक्षा करते.

करायचं कसं?

सुरुवात कॉलेजच्या कंपाउंडच्या आतल्या भिंतीपासून करा. तिथे प्राचार्यांची लेखी परवानगी पुरते. अर्जात विषय, किती दिवस लावणार, आणि नंतर भिंत साफ कोण करणार, हे तीन मुद्दे लिहा. तिसरा मुद्दा वाचून निम्मा विरोध गळून पडतो.

खर्चाची भीती बाळगू नका. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि ए-फोर कागदांवर तुकड्यांत छापा. आडवे सहा, उभे सहा, एकूण ३६ कागद. जोडले की साधारण चार फूट रुंद आणि सहा फुटांच्या आसपास उंच चेहरा तयार होतो. एका पानाला दोन रुपये धरले तर ७२ रुपये. वर मैद्याची खळ. कागद पावसात जातो, जाऊ द्या. नवीन चेहरा लावायला जागा होईल.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्याचा चेहरा, त्याची परवानगी. 'फोटो काढू का?' एवढं विचारून चालत नाही. 'चौकात लागणार आहे, एवढा मोठा, इतके दिवस' हे सांगायचं. छापण्याआधी फोटो दाखवायचा. एखाद्या ताईने दुसऱ्या दिवशी घरी विचारून 'नको' म्हटलं, तर तो फोटो तिथेच संपला. गरीब माणसाचा फोटो काढून आपण लाइक्स मिळवायचे, ही चूक आपण मोबाइलवर रोज करतो. भिंतीवर ती सहा फुटांची होते. पहिली छापील प्रत त्या माणसाला द्या.

ओळी आपल्या भाषेत लिहा. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, पावरी, जी घरात बोलता ती. फ्लेक्सवर या भाषा सहसा दिसत नाहीत. तिथे 'अभिष्टचिंतन' असतं, तेही बऱ्याचदा चुकीचं लिहिलेलं.

आणि कोपऱ्यात आपलं नाव टाका, फोटो कुणी काढला, मांडणी कुणी केली. रात्री फ्लेक्सच्या दुकानात काम करणाऱ्या तुमच्या वर्गमित्राला सोबत घ्या. फाटक्या फोटोतून चेहरा कसा काढायचा, दुरून अक्षर कसं वाचता येतं, दहा फुटांवर काय दिसतं, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. त्याच्या हातून शेकडो पोस्टर्स गेली आहेत, आणि एकावरही त्याचं नाव नाही.

हे जमलं की पुढची मागणी महापालिकेकडे. जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिका २००३ मध्ये झाल्या, म्हणजे साधारण आपल्याच वयाच्या आहेत. प्रत्येकीने एक खुली भिंत द्यावी. दर महिन्याला वेगळं कॉलेज, विषय विद्यार्थ्यांचा, जाहिरात नाही, नेत्याचा फोटो नाही. जळगावात काव्यरत्नावली चौक आहे. ना. न. फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावातून फक्त कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' मासिक काढलं, त्याचं नाव या चौकाला आहे. ज्या शहराने चौकाला कवितेच्या मासिकाचं नाव दिलं, त्याला एक भिंत देणं जड जाऊ नये. धुळ्याची जुनी वस्ती तर एक नंबर, दोन नंबर अशा आखीव गल्ल्यांची. गल्लीमागे एक चेहरा म्हटलं, तरी पहिलं प्रदर्शन तयार आहे.

तर उद्या सकाळी चेहरे मोजून झाले, की एक नाव वहीत लिहा. आपल्या चौकात कुणाचा फोटो लागायला हवा होता आणि कधीच लागला नाही? मेसच्या मावशी, लायब्ररीतले शिपाई काका, शेवटच्या एसटीचे कंडक्टर, किंवा तुमची स्वतःची आई. संध्याकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसा, सगळं सांगा आणि विचारा. हो म्हणाल्या, तर ३६ कागद घेऊन या.